कागदाच्या कोटिंगचं पिगमेंट नुसतं कणांचे मायक्रॉन पाहून निवडता? या चुका टाळा

कागदावर पिगमेंटचा, म्हणजे पांढऱ्या खनिज पुडीचा, पातळ लेप चढवतात (आम्ही त्याला कलर म्हणतो) आणि जादा लेप ब्लेडने, म्हणजे पात्याने, खरवडतात. दर उन्हाळ्यात एक तरी फोन येतोच. "साहेब, ब्लेडखाली रेघा येऊन रायल्या, काय करू?" मी आधी विचारतो, पिगमेंट काय बदललं? पलीकडे शांतता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कार्बोनेट (चुनखडीची पूड) काढून तितकेच किलो क्ले (केओलिन माती) टाकणं. दळलेल्या कार्बोनेटचे कण गिट्टीसारखे, ओबडधोबड. केओलिनचे पापडासारखे चपटे. गच्चीवरचे पापड एकावर एक पसरावेत तसे ते कागदावर आडवे बसतात, म्हणून चकाकी येते, खालचे तंतू झाकले जातात. पण ब्लेडच्या फटीतून भरधाव जाताना हेच पापड एकमेकांत अडकतात. पाणी कमी असेल तर जितकं जोरात ढकलाल तितका कलर घट्ट होतो.

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या बाजूला एका छोट्या युनिटात मे महिन्यात हेच झालं. ग्राहकाला डुप्लेक्स बोर्डावर (खोक्यांच्या पुठ्ठ्यावर) जास्त चकाकी हवी होती. पोट्ट्यांनी अर्ध्याहून जास्त कार्बोनेट काढून चपटा क्ले घातला आणि सॉलिड्स (कलरमधला पाणी सोडून उरलेला भाग) ठेवले तेच, ६६ टक्के. ब्रुकफील्डवर, म्हणजे घट्टपणा मोजायच्या यंत्रावर, आकडा झकास! १०० आरपीएमला फिरणारी ती काडी ब्लेडखालचं काय सांगणार? तिथला शिअर (थर एकमेकांवर घसटण्याचा वेग) हजारो पटींनी जास्त. मशीनने वेग घेतला आणि बोर्डावर रेघाच रेघा. ऑपरेटरने ब्लेडचा दाब वाढवला, रेघा वाढल्या. मग कोणीतरी डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) ओतलं. ते गरजेपेक्षा जास्त झालं की कलर पातळ व्हायचा सोडून उलट घट्ट होतो. वर ४५ अंशांचं ऊन आणि उघडी टाकी, पाणी उडून सॉलिड्स आणखी चढलेले. रात्री दोनला आम्ही टाकी रिकामी केली.

तेव्हापासून माझा नियम: १०० भाग पिगमेंटमध्ये नवा क्ले आधी २० भागच, सॉलिड्स तीन-चार टक्के खाली, आणि ट्रायल सकाळी सहाला. सॉलिड्स कलर किचनमध्ये (कलर कालवायच्या खोलीत) नाही, मशीनच्या टाकीतून मोजायचे. "एवढा वेळ कुठे आहे भाऊ" म्हणणाऱ्याला मी त्या रात्रीचं गणित सांगतो.

दुसरी चीड आणणारी चूक: दोन पुरवठादारांचे "२ मायक्रॉनखाली ९० टक्के" हे आकडे शेजारी ठेवून स्वस्त माल उचलणं. कणांचा आकार मोजणारं सेडिग्राफ यंत्र कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो ते पाहतं. चपटा कण झाडाच्या पानासारखा हेलकावे खात सावकाश उतरतो, म्हणून तो आहे त्याहून बारीक दिसतो. लेझरने मोजणाऱ्या यंत्रावर तोच क्ले जाडा निघतो. म्हणून आधी मोजायची पद्धत विचारा. एकाच नमुन्याचे दोन्ही आकडे मिळाले तर फारच छान, जितका फरक जास्त तितका कण चपटा.

बाकीच्या थोडक्यात. सुईसारखा अरागोनाइट पीसीसी (रासायनिक पद्धतीने बनवलेलं कार्बोनेट) मोकळा थर देतो, अपारदर्शकता वाढते, शाई लवकर बसते; पण बाइंडर (कण चिकटवणारा डिंक) वाढवला नाही तर प्रिंटिंगला पावडर सुटते. कार्बोनेटच्या कलरमध्ये आम्लधर्मी काही टाकू नका, फेस येईल. चकाकीसाठी कॅलेंडर (कागद दाबून गुळगुळीत करणारे रोल) दाबतच सुटलात तर हवेच्या पोकळ्या मिटतात आणि पांढरेपणा, अपारदर्शकता दोन्ही घसरतात. आणि हीटसेट ऑफसेटचा (शाई गरम ड्रायरमध्ये वाळवणाऱ्या छपाईचा) कागद असेल तर चपटा क्ले जपून. थर इतका बंद होतो की ड्रायरमध्ये आतली वाफ अडकून फोड येतात, आणि प्रेसवाला फोन करतो तो थेट मालकालाच.