चादरी वाटण्याआधी हे वाचा (एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरापोरींसाठी)

थंडी पडली की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज येतोच, चादरी वाटायला कोण कोण येतंय. परभणीला आम्हीपण हेच करायचो, रात्री स्टेशनवर जायचं, चादरी द्यायच्या, फोटो काढायचे आन साडेदहाला घरी. एका वर्षी एका आजीनं चादर हातात घेतली आन म्हणाली, बाळा, तीन झाल्यात माझ्याकडं, राशनचं काही होतंय का ते बघ. तिथून आमचं कामच बदललं.

तर आधी जागा एकच धरा. स्टेशन नाहीतर एसटी स्टँड. तोच वार, तीच वेळ, तीच चार माणसं, त्यात दोन पोरी पाहिजेतच, कारण बाया पोरांसमोर मोकळं बोलत नाहीत. पहिले तीन आठवडे कुणाला काहीच द्यायचं नाही, नुसतं बसायचं, गाव कुठलं विचारायचं, चहा घ्यायचा. गेल्या गेल्या आधार कार्ड विचारलं की लोक उठून जातात, त्यांना वाटतं पकडायला आलेत, आन ती भीती उगाच नाही, भीक मागणाऱ्याला पकडायचा १९५९ चा कायदा आपल्याकडं आहेच. फोटो अजिबात नको.

सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. मार्च-एप्रिलमधे स्टँडवर गाठोडी आन लेकरं घेऊन झोपलेली माणसं बहुतेक ऊसतोडीहून परतलेली असतात, गावाकडं घर आहे पण सहा महिने कुलूप, मुकादमाची उचल (मजूर नेणाऱ्यानं आधीच दिलेले पैसे) फिटली का नाही याचीच चिंता. बीडकडच्या कॉलेजात तर आपल्याच युनिटमधल्या कितीतरी जणांचे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला असतात, त्यांना पुढं बसवा, त्यांना जे कळतं ते आपल्या सर्व्हे फॉर्ममधे मावत नाही.

मग खरं काम, कागद. एका जणानं एकाच माणसाचं काम घ्यायचं आन शेवटपर्यंत न्यायचं. बहुतेक ठिकाणी गाडी आधारवर अडते, पत्त्याचा पुरावाच नसतो. आधार झालं की राशन कार्ड, अंत्योदय (सगळ्यात गरिबांचं कार्ड) बसलं तर महिन्याला ३५ किलो धान्य. मग संजय गांधी निराधार या सरकारी योजनेचा अर्ज तहसीलला, महिन्याला १५०० रुपये, वय ६५ च्या पुढं असेल तर म्हाताऱ्यांची श्रावणबाळ योजना. अर्ज नुसता भरून देऊ नका, सोबत जा, रांगेत उभं राहा, कोणता कागद कमी आहे ते साहेबांकडून लिहून घ्या. आमचा एक अर्ज दोनदा परत आला, दोन्ही वेळा कारण वेगळं, तेव्हा कळलं की अडाणी माणूस एका हेलपाट्यात का हात टेकतो, रोजंदारी बुडते ना त्याची.

शहरात बेघर निवारा असेल तर तिथंपण जाऊन या. नियम एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा आन माणशी ५० चौरस फूट जागा असा आहे, टेप घेऊन जा आन मोजा. मग स्टेशनवर परत येऊन विचारा की तिथं का जात नाही. नवराबायकोला वेगळं झोपवतात, गाठोडं कुठं ठेवू, सकाळी मजूर अड्डा लांब पडतो, अशी उत्तरं मिळतात. मला वाटतं वर्षभराच्या लेक्चरपेक्षा या उत्तरांत जास्त शिकायला आहे.

घरी आल्यावर वहीत त्याच रात्री लिहा, त्यांच्याच शब्दांत, नावं बदलून. एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचेत म्हणून नाही, पुढच्या बॅचला ती वही लागते.

आन परीक्षा आली, कॉलेज संपलं, तर न सांगता गायब होऊ नका. ज्युनिअरला सोबत नेऊन ओळख करून द्या. मी सेमिस्टरच्या नादात तीन रविवार गेलो नाही, चौथ्या रविवारी चहावाला म्हणाला, म्हातारी रोज विचारायची, राशनवालं पोरगं आजारी तर नाही ना.