टेस्ट कर्नल क्यूएमूत बूट करायचाय? सेटिंग अशी निवडा
लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड झाला, क्यूएमू (सॉफ्टवेअरमधेच अख्खं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) चालू केलं आणि 'बुटिंग फ्रॉम रॉम' या ओळीवरच सगळं थांबलं, तर लगेच कोडमधे बग शोधत बसू नका. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे पीसी) नोग्राफिक ऑप्शन (वेगळी विंडो न उघडता सगळं टर्मिनलमधेच) देऊन कर्नलच्या कमांड लाइनमधे कन्सोल=टीटीवायएस० (मेसेज पहिल्या सिरियल पोर्टवर पाठव) टाकलं नाही तर कर्नल आत नीट बूट होतो, फक्त त्याचे मेसेज सिरियलवर येत नाहीत.

सगळ्यात आधी मशीन ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. आर्म आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर प्रकारांना स्वतःचा बोर्ड टेस्ट करायचा नसेल तर सरळ 'व्हर्ट' हे क्यूएमूचं काल्पनिक मशीन घ्या, डिव्हाइस ट्री (मशीनमधे कुठलं हार्डवेअर आहे त्याचं वर्णन) क्यूएमू स्वतःच बनवून देतं. खरा बोर्डच हवा असेल तर त्याच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणजे व्हीएक्सप्रेस-ए९ ला डीटीबी फाइल (डिव्हाइस ट्रीची बायनरी) वेगळी द्यायची आणि रासपी३बी ला मेमरी बरोबर १ जीबीच, कमी पण नाही जास्त पण नाही.

मग सीपीयू. इथे आर्म६४ वाले हमखास अडकतात, कारण व्हर्टचा डिफॉल्ट सीपीयू आहे कॉर्टेक्स-ए१५, तो ३२ बिटचा, त्यावर ६४ बिट कर्नल टाकला की एक अक्षर पण दिसत नाही, एरर पण नाही. म्हणून कॉर्टेक्स-ए५७ स्वतः लिहून द्या. केव्हीएम (खऱ्या सीपीयूवरच थेट चालवायची सोय) फक्त होस्ट (आपलं मशीन) आणि गेस्टचं (आत चालणारं मशीन) आर्किटेक्चर एकच असेल तरच चालतं, तेव्हा सीपीयू 'होस्ट' ठेवा, नाहीतर टीसीजीवर (क्यूएमूचं सीपीयूची नक्कल करणारं इंजिन) सगळं सॉफ्टवेअरमधेच चालतं आणि ते संथच असणार, तेव्हा टाइमआउट जरा सढळ ठेवा.

कन्सोलचं नाव प्रत्येकाचं वेगळं, आर्म व्हर्टला टीटीवायएएमए०, रिस्क-फाइव्हला टीटीवायएस०, पॉवरपीसीच्या पीसिरीजला एचव्हीसी०. तरी काहीच आलं नाही तर अर्लीकॉन (कन्सोल तयार व्हायच्या आधीचे मेसेज दाखवणारं सेटिंग) टाकून बघा.

मेमरी लिहिली नाही तर एक्स८६ वर १२८ एमबीच मिळते, मोठ्या इनिटरॅमएफएसला (कर्नलसोबत मेमरीतच लोड होणारी सुरुवातीची फाइलसिस्टिम) ती पुरत नाही, म्हणून १ जीबी द्या.

रूट फाइलसिस्टिमसाठी मला इनिटरॅमएफएसच बरं वाटतं, डिस्क ड्रायव्हरची भानगडच नाही. व्हर्टिओ डिस्क (क्यूएमूची व्हर्च्युअल डिस्क) लावायचीच असेल तर रूट=/डेव्ह/व्हीडीए द्या आणि व्हर्टिओचा ब्लॉक ड्रायव्हर, त्याचा बस ड्रायव्हर आणि फाइलसिस्टिम, तिन्ही कर्नलमधेच बिल्ट-इन ठेवा, कारण ते मॉड्यूल म्हणून राहिले आणि इनिटरॅमएफएस पण नसला तर ती मॉड्यूलं लोड करायलाच डिस्क हवी आणि डिस्क दिसायला मॉड्यूल हवं, मग 'अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणून पॅनिक (कर्नल चूक दाखवून थांबणं) ठरलेलाच.

स्क्रिप्टमधून चालवताना पॅनिक=-१ (कर्नलला) आणि नो-रीबूट (क्यूएमूला) ही जोडी विसरू नका, पॅनिक झाला की क्यूएमू आपोआप बंद होतं, नाहीतर टेस्ट नुसती लटकून राहते. हाताने बाहेर पडायला कंट्रोल-ए दाबून सोडा, मग एक्स.