बॉक्स लॅक्रॉसचा खेळाडू बेळगावात बसून फॉलो कसा करायचा

मागच्या हिवाळ्यात येळ्ळूरचा भाचा रविवारचा राहायला आला होता. मी नाईट शिफ्ट करून उद्यमबागेतनं घरी आलो, नेहमीसारखा साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवला, लॅक्रॉसची मॅच लावली, पोरगं डोळे चोळत शेजारी येऊन बसलं, पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं काय तर, "मामा, ह्याला महिन्याला किती मिळतात गा?" तालमीत जाणारं पोरगं, ते हेच विचारणार. डाव कुठला ते नंतर, आधी खुराक कोण घालतंय ते सांगा.

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहायलोय, कारण हा खेळ मी चार वर्षं बघायलोय आणि पहिली दोन वर्षं चुकीच्या बाजूनं बघितला.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं बॉल झेलायचा, फेकायचा आणि गोलमध्ये घालायचा. आधी मैदान समजून घ्या, त्याला दोन मिनिटं पुरे. आइस हॉकीची रिंक घ्यायची, बर्फ काढायचा, टर्फ टाकायचं आणि भोवतीच्या फळ्या तशाच ठेवायच्या. 1930 च्या दशकात कॅनडात उन्हाळ्याच्या रिंका रिकाम्या पडायच्या म्हणून लॅक्रॉस आत आणला, तोच हा बॉक्स लॅक्रॉस. एका बाजूला गोलीसकट (म्हणजे गोलकीपर) 6 जण. गोल 4 फूट उंच, 4 फूट 9 इंच रुंद, आणि त्यात गोली एवढे पॅड घालून उभा की दारात तिजोरी ठेवल्यासारखं दिसतंय. बॉल भरीव रबराचा, साधारण 145 ग्रॅम, आपल्या लेदर बॉलपेक्षा थोडाच हलका. 30 सेकंदात शॉट मारलाच पाहिजे. आणि काठी दोन्ही हातांनी आडवी धरून समोरच्याला रेटायला चक्क परवानगी, त्याला क्रॉसचेक म्हणतात, मागनं किंवा डोक्यावर मारलं तर पेनल्टी.

आता चूक कुठं होती ते सांगतो. मी सुरुवात केली एनएलएल पासनं, म्हणजे नॅशनल लॅक्रॉस लीग, 1987 पासनं चालू असलेली प्रोफेशनल लीग. टीमची नावं पाठ केली, गोल मोजले. पण होडेनोशोनी खेळाडूचं करिअर तिथनं बघणं म्हणजे पैलवानाला थेट गदा उचलतानाच बघायचं आणि तालमीतली दहा वर्षं सोडून द्यायची. होडेनोशोनी म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या सहा नेशनांचा संघ: मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका, टस्करोरा. खेळ मूळचा त्यांचा. त्यांच्याकडं तो विधात्यानं दिलेला खेळ मानतात, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही खेळतात, आणि पोरगं जन्मलं की पाळण्यात छोटी काठी ठेवतात. पारंपरिक काठी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवून महिनोन्‌महिने वाळवलेली. आमच्यात आखाड्याच्या मातीला पाया पडून उतरतात, त्यामुळं हे भाच्याला समजवावं लागलं नाही.

म्हणून एक खेळाडू निवडा, एकच, आणि त्याच्या गावापासनं सुरू करा. मी कोडी जेमिसन निवडला. कॅनडातल्या ओंटारियोत सिक्स नेशन्स नावाचं गाव आहे, तिथला मोहॉक. ह्या गावाच्या स्वतःच्या टीम आहेत, ज्युनियरमध्ये ॲरोज आणि मोठ्यांत चीफ्स, पोरं इथनंच वर येतात. मग सिरॅक्यूज युनिव्हर्सिटी, तिथं 2009 च्या कॉलेज फायनलला ओव्हरटाइममध्ये जिंकून देणारा गोल ह्याचा (कॉलेजात मोकळ्या मैदानावरचं लॅक्रॉस असतं, ते वेगळं). 2010 च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) पहिलं नाव त्याचं, एनएलएलची टीम रॉचेस्टर नाइटहॉक्स. 2012, 2013, 2014 सलग तीन वेळा लीगचा कप, 2014 ला लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात मोलाचा खेळाडू. आणि आता खरी गंमत बघा, 2013 आणि 2014 च्या उन्हाळ्यात गावच्या चीफ्सनी मान कपही नेला, कॅनडातला मोठ्यांचा कप, त्यात हाही होता. हिवाळ्यात पगाराची टीम, उन्हाळ्यात गाव. नुसतं लीगचं पान उघडलं तर अर्धा माणूस दिसतोय.

दुसरा पाहिजे तर लाइल थॉम्पसन, ओनोन्डागा. 2014 ला कॉलेजचा सगळ्यात मोठा टेवाराटन अवॉर्ड भाऊ माइल्ससोबत वाटून घेतला, 2015 ला एकट्यानं, त्याच साली ड्राफ्टमध्ये पहिला, 2017 ला जॉर्जिया स्वॉर्मला कप आणि स्वतः एमव्हीपी. पाठीवर लांब वेणी. 2019 ला बाहेरगावच्या एका मॅचमध्ये अनाउन्सर माईकवरनं वेणी कापायची भाषा बोलला, त्याची नोकरी गेली. वेणी आहे तशीच आहे.

मॅच बघताना बॉलच्या मागं डोळे पळवू नका, गरगरतंय. बेंचकडं बघा. बॉल आपल्याकडं आला की बचाववाले धावत बाहेर आणि हल्लेवाले आत, मॅच न थांबवता, आमच्या फाउंड्रीत शिफ्ट बदलते तशी पण पाच सेकंदात. मग आपला माणूस कुठल्या बाजूला उभा राहतोय ते बघा: डावखुरा बहुतेक उजव्या बाजूला, म्हणजे काठी मधल्या बाजूला राहते आणि गोलचा अँगल मोठा मिळतो. एकदा फळीजवळ बॉल सुटला तर नीट थांबून बघा. दोघं येतात, एक जण आधी ढुंगण लावून दुसऱ्याला फळीवर दाबतो, मग एका हातानं काठी जमिनीलगत सरकवून बॉल उचलतो, दुसरा त्याच्या मनगटावर काठी हाणत असतो आणि हा मान वर करून पास कुठं द्यायचा ते बघत असतो. हे गोलच्या खात्यात येत नाही, लूज बॉल म्हणून वेगळं मोजतात. भाचा हे बघून म्हणाला, "ह्यो तर कब्जाच घेतलाय." बरोबर आहे त्याचं.

आता पगार. बहुतेकांचं घर ह्या पगारावर चालत नाही. लीगच्या सीझनला 18 मॅचेस, जास्त करून शनिवार रविवारकडं, त्यामुळं आठवडाभर कोण शाळेत शिकवतोय, कोण अग्निशमन दलात, आणि शुक्रवारी विमान पकडून मॅचला. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होऊन हॉकी खेळायचे, शंकर लक्ष्मण तिथलेच, 1956, 1960, 1964 तीन ऑलिंपिकचे गोलकीपर. तिथं वर्दीनं घर चालवलं, इथं सोमवारच्या नोकरीनं. म्हणून ह्या खेळाडूचं करिअर मोजताना उन्हाळ्याची मैदानी लीग, पोरांचे कॅम्प, सोमवारचं काम हे सगळं धरायचं. भाच्याचं तोंड जरा पडलं, पण खोटं कशाला सांगू.

राष्ट्रीय टीमचा भाग मात्र चुकवू नका, आपण सीमेवरची माणसं, आपल्याला हा लवकर कळतो. होडेनोशोनी टीम स्वतःच्या झेंड्याखाली खेळते, आणि त्यांची जमीन अमेरिका-कॅनडाच्या रेघेच्या दोन्ही बाजूला आहे, अक्वेसास्ने ह्या मोहॉकांच्या गावात तर ती रेघ गावातनंच जाते. निपाणीपासनं कागल गाठताना पाटीची भाषा बदलते तेवढंच आपल्याला, त्यांचा मामला पासपोर्टाचा. 2010 ला मँचेस्टरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ते आपल्या पासपोर्टवर निघाले, ब्रिटननं आत घेतलं नाही, टीम न्यूयॉर्कमध्येच अडकली आणि स्पर्धा गेली. पाच वर्षांनी बॉक्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप ओनोन्डागाच्या जमिनीवर झाली, तेव्हा बाहेरनं आलेल्या टीमच्या पासपोर्टवर ह्यांनी आपला शिक्का मारला. फायनल कॅनडाकडनं 12-8 हरले, 2003 ते 2019 पाचही वेळा चांदीच. 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस आहे, सहा जणांचं, मैदानी. पण नियमानं राष्ट्रीय ऑलिंपिक समिती लागते आणि ह्यांची तशी मान्य समिती नाही, त्यामुळं त्याची बातमी वाचत राहा.

शेवटचं, वेळ. सीझन नोव्हेंबरच्या शेवटी नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला चालू होतो. तिकडं न्यूयॉर्कच्या घड्याळानं शनिवारी संध्याकाळी साडेसातला मॅच असली की आपल्याकडं रविवारी सकाळचे सहा, लीगचं स्वतःचं स्ट्रीमिंग आहे. मार्चच्या मध्याला ते घड्याळ एक तास पुढं करतात, मग तीच मॅच पाचला लागते, तेव्हा अलार्म बदला, मी पहिल्या वर्षी विसरलो आणि उठून बघतोय तर जवळपास निम्मी मॅच झालेली.