लेण्यांतल्या छिन्नीच्या खुणा वाचताय? या चुका टाळा

मोबाइलवर धडाधड फोटो काढायचे, सॉफ्टवेअरमध्ये ओतायचे, त्यातून निघालेलं त्रिमितीय मॉडेल गोल गोल फिरवायचं आणि ‘प्राचीन कारागिरांचं तंत्र उलगडलं’ म्हणून मोकळं व्हायचं, हे आता फार झालं. तंत्राशी माझं भांडण नाही, मीही तेच वापरतो. भांडण आहे ते घाईशी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समोरचा पृष्ठभाग मुळात कोणत्या काळातला, हे न विचारता खुणा मोजायला बसणं. अजिंठा-वेरूळचे बरेच खांब विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत सिमेंटने नव्याने उभे केलेत. मूळ दगडात मिसळून जावेत म्हणून त्यांचा रंग आणि खरबरीतपणाही जुळवलेला. लेण्यातल्या अंधारात भलेभले फसतात. एक हुशार मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. एका खांबाचं मॉडेल, घावांमधली अंतरं मिलिमीटरमध्ये, रंगीत तक्ते, सगळं तयार. निष्कर्ष असा, की शेजारच्या खांबापेक्षा इथले घाव जास्त एकसारखे, म्हणजे इथे निष्णात कारागिरांची वेगळी टोळी होती. मी म्हटलं, जरा पायथ्याशी झूम कर. तिथे कोपऱ्याचा टवका उडाला होता आणि आत करड्या सिमेंटात रुतलेली वाळू-खडी स्पष्ट दिसत होती. बेसाल्टात पोकळ्या सापडतील, त्यात भरलेलं झिओलाइट हे पांढरं खनिज सापडेल, पण वाळू-खडी नाही. टोळी वेगळी होती हे खरंच, फक्त ती गवंड्यांची होती.

म्हणून मी लेण्याकडे निघण्याआधी जुने फोटो आणि आराखडे काढून बसतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल याने 1860च्या दशकात अजिंठा-वेरूळचे स्टिरिओ फोटो (खोली दिसावी म्हणून काढलेल्या जोड्या) काढले होते. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा ग्रंथ 1880चा. जुन्या फोटोत खांबाच्या जागी छताला लोंबणारा तुकडाच दिसला, तर आजच्या खांबावर टेप लावू नका. याला फार तर एक संध्याकाळ लागते. लोकांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी डोकेदुखी टेक्श्चरची. फोटोग्रामेट्रीचं, म्हणजे अनेक फोटो जुळवून बनवलेलं मॉडेल स्क्रीनवर झकास दिसतं, कारण त्यावर फोटोच चिकटवलेला असतो. टेक्श्चर बंद करून बघा, बऱ्याचदा खालून वापरलेल्या साबणाची वडी निघते. म्हणजे जो घाव दिसत होता तो फोटोतल्या सावलीत होता, मॉडेलच्या आकारात उतरलाच नव्हता. अशा मॉडेलवर घावाची खोली मोजणं म्हणजे शुद्ध करमणूक. हे होतं लांबून काढलेल्या अपुऱ्या फोटोंमुळे, नाहीतर सॉफ्टवेअरला भोकं बुजवायची मोकळीक दिल्यामुळे. मी लागोपाठच्या फोटोंत 70 टक्क्यांच्या आसपास ओव्हरलॅप ठेवतो, फोकस लॉक करतो, मोजपट्टी फ्रेममध्ये असल्याशिवाय बटण दाबत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत करणाऱ्या ‘स्मूथ’च्या वाटेला तर जातच नाही.

समोरून फ्लॅश नको. अजिंठ्याच्या चित्रांपुढे तो चालतच नाही, आणि इतरत्र तो सगळे घाव सपाट करून टाकतो. उजेड बाजूने, तिरपा हवा. दर्शनी भागावर तो सूर्य फुकट देतो. फक्त अजिंठ्याची लेणी वाघूरच्या नालाकृती वळणावर असल्याने प्रत्येकाची वेळ वेगळी, ती हेरावी लागते. ट्रायपॉड आणि दिवे न्यायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या, दारात रखवालदाराशी हुज्जत नको.

उजेड खालून पडला की खड्डा उंचवटा वाटतो, कारण डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो. एकाच दिशेच्या फोटोवरून काही ठरवू नका. आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग), म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो एकत्र करून पृष्ठभागाचे उंचसखल दाखवणारं तंत्र, याच कामाचं. त्याचं मूळ टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलं. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा फिरवायचा, आणि फ्रेममध्ये चकचकीत काळा गोळा ठेवायचा म्हणजे दिव्याची दिशा कळते. अंतर सारखं राहावं म्हणून मी फ्लॅशला दोरा बांधतो. मध्येच कॅमेऱ्याला धक्का लागला तर पहिल्यापासून. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्यांचं चालत नाही.

डीस्ट्रेच या, फिकट चित्रं उठून दिसावीत म्हणून फोटोतले रंग ताणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा भडक जांभळा चित्रकाराने लावलेला नसतो.

मोबाइल आपणहून फोटो शार्प करतो, एआयने मोठा केलेला फोटो तर नसलेले घावही काढून दाखवतो. कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल ठेवा.

आणि पूर्ण झालेल्या लेण्यांतच घुटमळू नका. शेवटचा हात आधीचे घाव पुसून टाकतो. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलं, म्हणूनच तिथे कळतं की खडकात आधी लांब चर पाडत आत जायचे आणि मधल्या भिंती मागाहून फोडायच्या. गर्दी मात्र 1 आणि 2 नंबरला.

मॉडेल पाथरवटाला दाखवायचं असेल तर लॅपटॉप नेऊ नका, मूळ मापाची प्रिंट न्या. ती जमिनीवर पसरली की तो उकिडवा बसतो, घावावर बोट ठेवतो आणि छिन्नी कुठल्या कोनात धरली असेल ते हातानेच करून दाखवतो. टचस्क्रीनवर त्याचं बोट टेकलं की मॉडेलच फिरतं.