मांजरांच्या एफआयपीत प्रथिनं मोजताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पोट फुगलेलं, ताप उतरत नसलेलं, बहुधा दोन वर्षांच्या आतलं मांजर टेबलावर येतं. पोटात सुई घातली की पिवळसर, बोटांत तार धरणारा द्रव येतो. ती तार प्रथिनांची असते. फिलाईन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, म्हणजेच एफआयपी, या आजाराचं हे ओलं रूप. कोरड्या रूपात पाणी साचत नाही, त्यामुळे निदान आणखी अवघड जातं.

मांजरांचा कोरोनाविषाणू एरवी आतड्यात राहतो आणि बहुतेक मांजरांना फार तर जुलाब होतात. थोड्या मांजरांत त्याच विषाणूत जनुकीय बदल होतात आणि तो मोनोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींत वाढू लागतो. या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे संदेश सोडतात आणि यकृत तीव्र-प्रतिसाद प्रथिनं, म्हणजे दाह झाला की रक्तात झपाट्याने वाढणारी प्रथिनं, बनवायला लागतं. प्रथिनांचा आकडा आपल्याला यकृताने ऐकलेला हा निरोप सांगतो. निरोप कोणी धाडला ते सांगत नाही. जिवाणूंमुळे सुजलेल्या पोटातूनही असाच निरोप जातो. कामाला लागण्याआधी हे नीट मुरू द्या, पुढची निम्मी गफलत इथूनच होते.

माणसांच्या प्रयोगशाळेतून आलेले विद्यार्थी आधी सीआरपीची (माणसांत दाह मोजायला वापरलं जाणारं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) किट मागतात. मांजरात सीआरपी फारसं वाढतच नाही. इथे कामाची प्रथिनं म्हणजे अल्फा-१ अॅसिड ग्लायकोप्रोटीन (एजीपी), सीरम अमायलॉइड ए, हॅप्टोग्लोबिन, आणि जोडीला अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन, हे रक्तातल्या प्रथिनांचे दोन मोठे गट. एजीपी निरोगी मांजरात साधारण ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असतं, १.५च्या वर गेलं की एफआयपीचा संशय बळावतो. हाच आकडा कुठे १.५ ग्रॅम प्रति लिटर, कुठे १५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असा लिहिलेला असतो. तिन्ही एकच आहेत. वहीच्या पहिल्या पानावर एकक ठरवून टाका.

आता नमुना. तीन किलोच्या मांजरात सगळं मिळून १८० मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं आणि एफआयपीची मांजरं बऱ्याचदा आधीच रक्तक्षयी असतात. संशोधनासाठी वेगळी सुई टोचू नका. तपासणीसाठी रक्त काढताना एक-दीड मिलिलिटर जास्तीचं घ्या, तेही मालकाची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात असेल तरच. साध्या नळीत अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० ते २००० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बल) दहा मिनिटं फिरवा. वर राहतं ते सीरम. वहीत आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहून ठेवलं तर रोटर बदलल्यावर त्याला अर्थ उरत नाही, म्हणून जीच लिहा. इलेक्ट्रोफोरेसिससाठी, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनं पट्ट्यांत वेगळी करण्यासाठी, प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातला द्रव) वापरलात तर फायब्रिनोजेनचा पट्टा बीटा आणि गॅमाच्या मधोमध उभा राहतो आणि नवखा माणूस त्याला मोनोक्लोनल शिखर (एकाच पेशीवंशाने बनवलेल्या अँटिबॉडीचा टोकदार पट्टा) समजतो. सीरमच घ्या.

सीरम ५० मायक्रोलिटरच्या वाटण्या करून उणे ८० अंशांवर ठेवा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर चालत नाही. तो अधूनमधून गरम होतो आणि नमुना नकळत वितळत-गोठत राहतो. रक्तपेशी फुटून सीरम लालसर झालं असेल तर हॅप्टोग्लोबिनचा आकडा सोडून द्या, कारण सुटलेलं हिमोग्लोबिन त्यालाच जाऊन चिकटतं. एफआयपीत कावीळही बरीच दिसते. पिवळं सीरम रंगावर आधारलेल्या चाचण्यांत घोळ घालतं, म्हणून अशा नमुन्याचा अभिकर्मक न घातलेला ब्लँक वेगळा लावा.

अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर सोपं वाटतं, पण इथे एक खड्डा आहे. ०.४च्या खाली एफआयपीची शक्यता वाढते, ०.८च्या वर ती बरीच कमी होते. बहुतेक यंत्रं अल्ब्युमिन ब्रोमोक्रेसॉल ग्रीनने मोजतात. हा रंग अल्ब्युमिन कमी असताना ग्लोब्युलिनलाही धरतो आणि अल्ब्युमिन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणजे ज्या मांजरांसाठी चाचणी हवी, नेमकी त्यांच्यातच ती घसरते. गुणोत्तर ०.४ ते ०.८च्या मध्ये अडकलं तर इलेक्ट्रोफोरेसिस करून पट्ट्यांवरून पुन्हा काढा.

एजीपीची एलायझा (अँटिबॉडी वापरून प्रथिन मोजणारी चाचणी) करताना सर्वांत जास्त चुका डायल्यूशनमध्ये होतात. आजारी मांजराच्या सीरममध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २० लाख नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एजीपी असू शकतं आणि स्टँडर्ड कर्व्ह (ज्ञात प्रमाणांवरून काढलेली मोजणीची रेषा) बहुधा नॅनोग्रॅमच्या शेकड्यांत असतो. दहा हजारपट पातळ करायचं तर १ मायक्रोलिटर उचलून १० मिलिलिटरमध्ये टाकू नका. १० मायक्रोलिटर ९९० मध्ये, नीट मिसळून त्यातलं १० पुन्हा ९९० मध्ये. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेलं सीरम पुसून घ्या. ते राहिलं तर आकडा फुगतो. नमुना जोडीने लावा, दोघांतला फरक दहा टक्क्यांहून जास्त आला तर परत करा. आजारी मांजरं एका प्लेटवर आणि निरोगी दुसरीवर, असं कधीही करू नका. केलंत तर प्लेटचा फरक आजाराचा फरक म्हणून छापला जाईल. किट मांजराच्याच प्रथिनासाठी आहे ना, ते पत्रक वाचून बघा. माणसाच्या एजीपीची अँटिबॉडी मांजरात चालेल असं गृहीत धरता येत नाही.

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवत असाल तर सीरम आधी ५० पट पातळ करा. एफआयपीत एकूण प्रथिन ९ ग्रॅम प्रति डेसिलिटर असू शकतं. तसंच भरलं तर ६६ किलोडाल्टनजवळचं अल्ब्युमिन सगळी लेन फुगवतं. एजीपीवर साखरेच्या साखळ्या भरपूर असतात, म्हणून त्याचा पट्टा रुंद, धूसर येतो आणि कुमासी रंग त्याला नीट धरत नाही. पट्टा फिका दिसतो म्हणून प्रथिन कमी आहे असं लिहू नका, प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने बघा (वेस्टर्न ब्लॉट). या साखळ्या स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहेत: एफआयपीत एजीपीवरचं सियालिक आम्ल घटतं, असं इटलीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. नवा विषय शोधणाऱ्याने इथे जरूर बघावं.

रिव्हाल्टा चाचणी शिकून घ्या, तिला यंत्र लागत नाही. ७-८ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ९८ टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब मिसळायचा आणि वरून पोटातल्या द्रवाचा एक थेंब हळूच सोडायचा. थेंब आकार धरून पृष्ठभागाला लटकला किंवा जेलीसारखा संथ खाली गेला तर चाचणी सकारात्मक. विरघळला तर एफआयपीची शक्यता फार कमी. जिवाणूंचा संसर्ग आणि लिम्फोमा (लसीकापेशींचा कर्करोग) यांतही ती सकारात्मक येते.

म्हणूनच तुलनेची मांजरं निवडताना कंजुषी करू नका. फक्त निरोगी मांजरांशी तुलना केली तर कुठलंही तीव्र-प्रतिसाद प्रथिन झकास दिसतं. डॉक्टरपुढचा प्रश्न मात्र हे मांजर एफआयपीचं, की लिम्फोमाचं, पोटातल्या पूचं किंवा हृदयविकाराच्या पाण्याचं, हा असतो. एफआयपी आणि निरोगी यांच्याखेरीज तिसऱ्या गटात हीच मांजरं हवीत. एफआयपीचा गटही पक्का हवा: ग्रॅन्युलोमाच्या (दाहपेशींच्या गाठींच्या) जखमांतल्या मॅक्रोफेजमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे ऊतीच्या कापावर अँटिबॉडी लावून, विषाणू दिसणं हा सर्वांत भक्कम पुरावा. कोरोनाविषाणूच्या अँटिबॉडी सापडणं पुरत नाही, अनेक ठणठणीत मांजरांतही त्या असतात.

शिक्षणाचं थोडक्यात: मांजराचं रक्त आणि पोटातलं पाणी काढणं हे पशुवैद्याचं काम आहे. बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजीतून आलेल्यांनी प्रयोगशाळेचा भाग उचलावा आणि मुंबईतल्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या चिकित्सा विभागाशी आधीच जोडून घ्यावं. नमुने वर्षभरात थेंब थेंब जमतात.

२०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे विषाणूरोधक औषध घरगुती मांजरांना बारा आठवडे देऊन बहुतेकांना वाचवलं, तेव्हापासून या प्रथिनांना दुसरं काम मिळालं आहे: मांजर खरंच बरं होतंय का, हे बघणं. सीरम अमायलॉइड ए लवकर खाली येतं, ग्लोब्युलिनला वेळ लागतो. त्यामुळे नमुन्याच्या नळीवर तारखेसोबत औषधाचा कितवा दिवस आणि त्या दिवशीचं वजन लिहा. वजन वाढलं की डोस वाढवावा लागतो. तो वाढवला नसेल, तर पुन्हा चढलेल्या एजीपीचं कारण नळीवरच्या त्या दोन आकड्यांत सापडतं.