घरच्या स्टिरिओवर मोबाइलची गाणी: स्वस्तात जोडणी करताना या चुका टाळा

चालू स्थितीतला जुना ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घरात असेल, तर मोबाइलवरची गाणी त्यावर वाजवायला फार खर्च येत नाही. दीड-दोनशे रुपयांची केबल किंवा हजाराच्या आसपासचा ब्लूटूथ रिसीव्हर, एवढ्यात बहुतेक घरांचं काम भागतं. तरीही मागवलेल्या वस्तू ड्रॉवरमध्ये पडून राहतात, कारण ऑर्डर आधी टाकली जाते आणि ॲम्प्लिफायरची मागची बाजू नंतर बघितली जाते. सेट भिंतीपासून पुढे ओढा, टॉर्च मारा आणि मागच्या सगळ्या सॉकेटांचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवा. काय घ्यायचं ते या फोटोवरून ठरतं.

रिकामं दिसलं म्हणून फोनोमध्ये पिन घालणं

मागे लाल-पांढऱ्या सॉकेटांच्या जोड्या असतात, त्यांना आरसीए म्हणतात. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप प्ले यांपैकी कुठलीही जोडी मोबाइलला चालते. नावं सोयीसाठी आहेत, आतून त्यांच्यात फारसा फरक नसतो. अपवाद फोनोचा. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी, म्हणजे साधारण ५ मिलिव्होल्टच्या सिग्नलसाठी असतं. मोबाइल किंवा रिसीव्हर अर्ध्या व्होल्टपासून दोन व्होल्टपर्यंत देतो. फोनोचं सर्किट तो आणखी शंभरेक पट वाढवायला जातं, शिवाय तबकडीसाठी लागणारी भरपाई म्हणून खर्ज उचलतं आणि वरचे सूर दाबतं. मग आवाज फाटतो, तबल्याचा बायाँ नुसता घुमतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. मोबाइलचा आवाज उतरवला तर फाटणं थांबेल, घुमणं जाणार नाही. पिन काढून ऑक्सला लावणं हाच उपाय.

टेपच्या दोन जोड्यांतही गोंधळ होतो. ‘टेप आउट’ किंवा ‘रेक’ लिहिलेल्या जोडीतून सिग्नल बाहेर जातो, तिथे पिन लावून काहीच ऐकू येणार नाही. ‘टेप इन’ किंवा ‘प्ले’ लिहिलेली जोडी हवी. पुढच्या बाजूला ‘टेप मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबल्याशिवाय ही जोडी वाजत नाही. उलट तेच बटण चुकून दाबलेलं राहिलं की बाकीच्या सगळ्या जोड्या मुक्या होतात. ‘ॲम्प्लिफायर बिघडला’ म्हणून मेकॅनिककडे नेण्याआधी हे बटण एकदा बघा.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही सेटवर, विशेषतः युरोपीय पद्धतीच्या, लाल-पांढरी सॉकेटं नसतातच. तिथे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यासाठी डिन ते आरसीए केबल मिळते, पण ती दोन प्रकारांनी जोडलेली येते. टेपच्या सॉकेटमध्ये ३ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवरून आवाज आत येतो, १ आणि ४ वरून रेकॉर्डिंगसाठी बाहेर जातो, २ क्रमांकाची पिन ग्राउंड असते. तुम्हाला ३ आणि ५ ची जोडणी हवी. चुकीची केबल लागली की आवाज अगदी क्षीण, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा येतो. एका टोकाला चार आरसीए पिना असलेली केबल घेतली तर हा प्रश्न राहत नाही. दोन जोड्या आलटून पालटून लावायच्या, जी वाजेल ती आपली.

नव्वदच्या दशकातल्या काही म्युझिक सिस्टीमना बाहेरून आवाज आत घ्यायला जागाच नसते. कॅसेट डेक चालू असेल तर कॅसेट ॲडॉप्टर वापरता येतो. ऑटो-रिव्हर्सचा डेक मात्र तो सारखा उलटवत बसतो. एफएम ट्रान्समीटर हा शेवटचा पर्याय ठेवा. मुंबई-पुण्यात रिकामी फ्रीक्वेन्सी मिळणं मुश्कील, आणि मिळाली तरी मागे खरखर राहतेच.

केबलमधल्या छोट्या चुका

मोबाइलला हेडफोनचं सॉकेट असेल तर ३.५ मिमी ते दोन आरसीए ही केबल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कटकटीची. दीड मीटर पुरते. फोन खुर्चीजवळ हवा असेल तर तीन मीटरची घ्या. ३.५ मिमीच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती स्टिरिओ. एकच रेघ असेल तर मोनो, तिने एक स्पीकर गप्प होतो. तीन रेघांची पिन हेडसेटच्या माइकसाठी असते. काही सेटवर ती पूर्ण आत बसवली की गायकाचा आवाज हरवतो आणि फक्त वाद्यं उरतात, कारण ग्राउंड नीट मिळत नाही.

हेडफोनचं सॉकेट नसलेल्या फोनला यूएसबी-सी ते ३.५ मिमी ॲडॉप्टर लागतो. इथे एक खोच आहे. अगदी स्वस्त ॲडॉप्टरांपैकी काहींत फक्त तारा असतात, आत डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग सिग्नल करणारी चिप) नसतो. ते मोजक्याच फोनवर चालतात. पाकिटावर ‘डॅक’ लिहिलेलं असेल तोच घ्या. ॲपलचा छोटा ॲडॉप्टर उत्तम आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी निघतो. त्यात दोष शोधत बसू नका, ॲम्प्लिफायरचं बटण थोडं जास्त फिरवा.

घरात जुना फोन पडून असेल तर तोच स्टिरिओशेजारी कायमचा ठेवणं हा चांगला मार्ग आहे. सिमकार्ड काढा, वाय-फाय चालू ठेवा, सगळ्या सूचना आणि रिंगटोन बंद करा, इक्वलायझर बंद करा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो फोन सतत चार्जिंगला लावून ठेवू नका.

ब्लूटूथ: ट्रान्समीटर घेऊन बसणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टीव्हीचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर पाठवतो तो ट्रान्समीटर. मोबाइलचा आवाज झेलून ॲम्प्लिफायरला देतो तो रिसीव्हर. तुम्हाला रिसीव्हर हवा. दोन्ही कामं करणाऱ्या डब्यांवर ‘टीएक्स’ आणि ‘आरएक्स’ असा खटका असतो, तो ‘आरएक्स’वर हवा. फोनच्या यादीत डबा दिसतच नसेल तर आधी हा खटका तपासा.

गाडीसाठीचे बॅटरीवाले रिसीव्हर चालतात, पण गाणं थांबवल्यावर काही मिनिटांत ते स्वतःहून बंद होतात आणि मग बटण दाबून ठेवावं लागतं. वीज येते-जाते अशा गावात तर रोजची डोकेदुखी. घरासाठी बॅटरी नसलेला, करंट मिळाला की आपोआप चालू होणारा रिसीव्हर घ्या.

कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवताना आवाज आकसून बांधण्याच्या पद्धतींच्या, नावांवर फार पैसे घालू नका. साधा एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो आणि नीट जोडलेल्या मध्यम स्पीकरवर तो पुरेसा आहे. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढंच पाठवतो. त्यामुळे आयफोनच्या घरात ॲपटेक्स किंवा एलडॅकसाठी जास्त दिलेले पैसे बुडाले म्हणून समजा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं ऐकायची असतील, तर मूळ ध्वनिमुद्रणच मोनो आणि मर्यादित आहे. तिथे कोडेकने काही फरक पडत नाही.

गाणं तुटत असेल तर रिसीव्हर कुठे ठेवलाय ते बघा. ॲम्प्लिफायरच्या पत्र्यामागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला किंवा राउटरला चिकटून ठेवलेला डबा हमखास अडखळतो, कारण ब्लूटूथ आणि वाय-फायचा एक पट्टा दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर असतात. वितभर बाहेर, वरच्या बाजूला आणला तरी बहुतेक वेळा काम होतं. फोन खिशात घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि मध्ये सिमेंटच्या दोन भिंती आल्या, तर मात्र कुठलाच स्वस्त रिसीव्हर टिकाव धरणार नाही. अशा घराला वाय-फायचा मार्ग हवा.

वाय-फायची वस्तू घेताना ॲप न बघणं

वाय-फायचा डबाही ॲम्प्लिफायरलाच जोडायचा असतो, पण त्याच्यापर्यंत गाणं पोचवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्टमध्ये गाणं थेट इंटरनेटवरून त्या डब्यात येतं, फोन फक्त रिमोटचं काम करतो. फोन आला तरी गाणं थांबत नाही, फोन घेऊन बाहेर गेलात तरी घरचे ऐकत राहतात. ॲपलच्या एअरप्ले पद्धतीत आवाज सहसा ॲपलच्या उपकरणातूनच वाय-फायवरून जातो, म्हणजे ते घरात असावं लागतं.

म्हणून आधी घरात कोणतं ॲप चालतं ते विचारा, डबा नंतर निवडा. घरातले सगळे अँड्रॉइडवर यूट्यूब म्युझिक ऐकत असतील तर क्रोमकास्ट असलेला डबाच हवा. उदाहरणार्थ, वीम मिनी या वाय-फायच्या डब्यात एअरप्ले २ आणि स्पॉटिफाय कनेक्ट आहे, क्रोमकास्ट नाही. ते वीम प्रोमध्ये आहे. हे न बघता मिनी घेतला की अँड्रॉइडवाले शेवटी त्याच्या ब्लूटूथवरच येतात, आणि तेवढं तर हजाराच्या रिसीव्हरनेही झालं असतं.

गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५मध्ये आला आणि जानेवारी २०१९मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. जुन्या बाजारात तो अजून मिळतो आणि वस्तू खरंच चांगली आहे. मात्र मार्च २०२५मध्ये प्रमाणपत्राची मुदत संपल्याने हे डबे एकाएकी बंद पडले होते, नंतर अपडेट देऊन चालू करण्यात आले. घेताना आपल्या फोनवरून जोडून, गाणं वाजवून मगच पैसे द्या.

स्मार्ट स्पीकरला ‘मागून केबल काढू’ या भरवशावर घेऊ नका. ॲमेझॉनच्या इको डॉटच्या चौथ्या पिढीपर्यंत ३.५ मिमीचं सॉकेट होतं, २०२२च्या पाचव्या पिढीत ते काढून टाकलं. गूगलच्या नेस्ट मिनीला ते कधीच नव्हतं. जुना डॉट जोडलात तर एक लक्षात ठेवा: केबल लावली की त्याचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. ॲम्प्लिफायर बंद असेल तर सकाळचा अलार्मही ऐकू येणार नाही.

हाताने जोडायची आवड असेल तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक, पीसीएम५१०२ चिपचा छोटा डॅक आणि व्हॉल्युमिओ किंवा मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर ही जोडणी कमी पैशात सुरेख वाजते. डॅकची बीसीके तार रास्पबेरी पायच्या १२ क्रमांकाच्या पिनेवर, एलआरसीके ३५ वर, डीआयएन ४० वर, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. एससीके मोकळी सोडू नका, ग्राउंडला जोडा, नाहीतर खरखर येते किंवा आवाजच निघत नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आय२एस डॅक चालू करून ‘हायफायबेरी डॅक’ निवडायचं. हा पाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतो, ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणार नाही. पॉवरला ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा चार्जर द्या. पाय ३ किंवा ४ च्या स्वतःच्या हेडफोन सॉकेटवर समाधान मानू नका, त्यात मागे फुसफुस असते. पाय ५ ला तर ते सॉकेटच नाही.

डबा चालू आहे पण फोनमध्ये दिसत नाही, तेव्हा हे क्रमाने तपासा: फोन मोबाइल डेटावर किंवा व्हीपीएनवर आहे का, फोन आणि डबा एकाच नेटवर्कवर आहेत का, पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क वापरलंय का, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू आहे का. शेवटचं चालू असेल तर एकाच वाय-फायवरची उपकरणं एकमेकांना बघू शकत नाहीत.

टीव्हीतून आवाज घेताना

टीव्हीवर गाणी लावून आवाज स्टिरिओला द्यायचा असेल आणि टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट (प्रकाशाने डिजिटल आवाज बाहेर देणारं छिद्र) असेल, तर डिजिटल ते ॲनालॉग कन्व्हर्टर लागतो. तसाच दिसणारा ॲनालॉग ते डिजिटल डबाही बाजारात असतो, तो उलटं काम करतो. ऑप्टिकलचं छिद्र ‘इन’ म्हणून आणि लाल-पांढरी सॉकेटं ‘आउट’ म्हणून लिहिलेली आहेत ना, ते वाचा. जोडल्यावर शांतता किंवा नुसता खरखराट असेल तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डॉल्बी किंवा ऑटोऐवजी ‘पीसीएम’ निवडा.

घुंऽ असा आवाज मागे राहणं

सगळं वाजतंय, पण गाणं थांबलं की मागे खर्जात घुंऽ किंवा बारीक किर्र ऐकू येतं. घुंऽ बहुधा ५० हर्ट्झच्या मेन्समधून, ग्राउंडच्या दोन वाटा झाल्यामुळे येतो. किर्र स्वस्त चार्जरमधून येते. शोधायची पद्धत अशी:

१. ॲम्प्लिफायरच्या मागून आरसीए पिना काढा. आवाज तसाच असेल तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये आहे.
२. पिना परत लावा आणि रिसीव्हर पॉवर बँकेवर चालवा. शांत झालं तर चार्जर बदला.
३. टीव्ही जोडलेला असेल तर केबलची किंवा डिशची वायर टीव्हीतून काढून बघा. अनेक घरांत गुन्हेगार हीच निघते.
४. तरी राहिलं तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर (ग्राउंडची दुसरी वाट तोडणारा छोटा डबा) घाला. अगदी स्वस्त आयसोलेटर मोठ्या आवाजात खर्ज थोडा खातो, म्हणून तो शेवटी.

घुंऽ घालवायला प्लगची अर्थची पिन काढणं हा उपाय कुणी सुचवला तरी ऐकू नका. त्याने ॲम्प्लिफायरच्या पत्र्यात करंट उतरण्याचा धोका असतो.

आवाज दोन ठिकाणी चुकीचा लावणं

फोन अर्ध्यावर आणि ॲम्प्लिफायर तीन-चतुर्थांशावर ठेवला की सिग्नल अशक्त जातो आणि मागची फुसफुस त्याच्याबरोबर वाढते. फोनचा किंवा डब्याचा आवाज ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा, कमी-जास्त ॲम्प्लिफायरच्या बटणाने करा. फाटल्यासारखं वाटलं तरच फोन थोडा उतरवा. ॲपमध्ये दर्जाचं सेटिंगही बघा, ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर नेट मंद झालं की दर्जा गुपचूप उतरतो. ३२० केबीपीएसला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, घरच्या ब्रॉडबँडला ते काहीच नाही.

जोडणी तपासायला तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा. सलग, एकसारखा झंकार असल्याने मधलं बारीकसं तुटणं, किर्र, एका बाजूचा स्पीकर मंद असणं, सगळं दोन मिनिटांत उघडं पडतं. मोठ्या वाद्यवृंदाच्या गाण्यात हेच दोष लपून राहतात. झंकार दोन स्पीकरच्या मधोमध न येता विरळ, पसरट वाटला आणि खर्जही नाहीसा झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या आहेत. दोन्हीकडे लाल तार लालला हवी.

कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळ्यानंतर एक स्पीकर अधूनमधून गप्प होतो, तेव्हा नवीन डबा मागवू नका. सेट बंद करून प्लग काढा, आरसीए पिना सॉकेटमध्ये चार-पाच वेळा फिरवा. पिना काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. साधं डब्ल्यूडी-४० इथे वापरू नका, त्याचा चिकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो. प्लग परत लावण्याआधी फवारा पूर्ण वाळू द्या.