अंधारात दिसतं, पण रंग दिसत नाहीत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात खेळाडू काल्पनिक पात्रं होऊन फासे टाकत एक गोष्ट खेळतात. त्यात पात्रांसाठी नवा वंश रचायला बसलेला डीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, बहुतेक वेळा पहिली ओळ लिहितो ती 'ताकद +२'. ही ओळ एकदा कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, चढली की बेरजेत विरघळते, पुन्हा तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी सहा वर्षं दर शनिवारी रात्री पुण्यात घरीच हा खेळ चालवते. माझी कसोटी एकच: या शक्तीमुळे खेळाडूच्या तोंडून असं काही निघतंय का, जे दुसऱ्या वंशाचा खेळाडू बोललाच नसता?

आधी हाताशी असलेल्या शक्ती नीट वापरायला शिका. २०१४च्या नियमांत मूळ पुस्तकातल्या नऊपैकी सहा वंशांना अंधारात ६० फुटांपर्यंत दिसतं. त्यामुळे पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, मशाल विसरते आणि गुहेतला अंधार नावापुरता उरतो. पण त्याच नियमात लिहिलंय की काळोखात फक्त करड्या छटा दिसतात, आणि त्याही अंधुक उजेडात दिसाव्यात तशा. मी एकदा फळीवर तीन बाटल्या ठेवल्या. हिरवी म्हणजे विषावरचा उतारा, लाल आणि निळी म्हणजे विष. अंधारात दिसणाऱ्या एल्फ वंशाचं पात्र खेळणारी मुलगी म्हणाली, "तिन्ही सारख्याच दिसतायत." मग बराच वेळ कुणी बोलेना. पलीकडे पहारेकरी होते आणि मशाल पेटवली तर ते बघणार हे सगळ्यांना कळलं होतं. नवा नियम एकही केला नव्हता. आहे त्याची मर्यादा तेवढी पाळली.

नवीन वंश करताना शरीराचं आणि शिकवणुकीचं वेगळं ठेवा. डोळे, कातडी, श्वास हे वंशात. तलवारबाजी, भाषा, रीतीभाती हे ती व्यक्ती कुठे वाढली त्यात. ड्वार्फांच्या, म्हणजे बुटक्या वंशाच्या, गावात वाढलेल्या एल्फला जन्मतःच लांब तलवार का चालवता यावी? २०२४च्या नियमांनी 'रेस' शब्द काढून 'स्पीशीज' आणला आणि ताकद-बुद्धीचे वाढीव गुण पार्श्वभूमीकडे नेले. मला ते मनापासून पटतं. 'अमुक जमात मठ्ठ' असं लिहून कुठलीही चांगली गोष्ट सुरू होत नाही.

माझं आजोळ खाडीकाठचं, म्हणून मी 'खाजणी' नावाचा वंश केला. त्यांची शक्ती अशी: ओल्या मातीवर अनवाणी आणि स्थिर उभं राहिलं तर ३० फुटांतली पावलं तळव्यांना कळतात. आकडा एवढा एकच. खरं वजन 'अनवाणी' आणि 'स्थिर' या दोन शब्दांत आहे, कारण त्यासाठी बूट काढावे लागतात, आणि हल्ला झालाच तर तुम्ही चिखलात अनवाणी उभे असता. शक्ती कधी चालते आणि त्यासाठी काय सोडावं लागतं, हे लिहिल्याशिवाय किती फूट ते ठरवू नका.

रूपांतराचं प्रकरण जास्त नाजूक. २०१४च्या नियमांत चंद्रपंथी ड्रुइड, म्हणजे प्राण्यांची रूपं घेण्यात तरबेज असलेला निसर्गजादूगार, दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होतो. अस्वलाचे हिट पॉइंट्स, म्हणजे पडण्याआधी किती मार सोसता येतो त्याचा आकडा, ३४, आणि हे विश्रांतीआधी दोनदा करता येतं. माझ्या टेबलावरच्या ड्रुइडचे स्वतःचे १७ होते, म्हणजे एकूण ८५. शेजारच्या फायटरचे, म्हणजे साध्या लढवय्याचे, २२. तिसऱ्या शनिवारी फायटर खेळणारा मुलगा लढाईत फासासुद्धा उत्साहाने टाकेना, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं. २०२४मध्ये हे सुधारलं. आता हिट पॉइंट्स स्वतःचेच राहतात, वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात, चंद्रपंथीयांना तिप्पट.

आकडे सुधारले तरी अर्थ आपल्यालाच भरावा लागतो. अस्वलाला बोलता येत नाही, म्हणून माझ्याकडे अस्वल झालेला खेळाडूही टेबलावर बोलत नाही. एकदा वासावरून फक्त अस्वलालाच पुढचा सापळा कळला. खेळणारीने दोनदा मान हलवली, मग बोटाने टेबलावर आडवी रेघ ओढून तिच्यावर तळहात दाबून धरला. फायटर थांबला. त्या रात्रीची सगळ्यात मोठी चाल तीच होती.

शापाने होणारं रूपांतर असेल तर पात्र खेळाडूच्या हातातून काढून घेऊ नका. 'तू मित्रांवर हल्ला करतोस' हे डीएमने सांगणं मला अन्यायाचं वाटतं. माझ्या मोहिमेत एकजण बिबट्या होतो. हिट पॉइंट्स निम्म्याखाली गेले की तो वीस बाजूंचा फासा टाकतो. १० अधिक त्या दिवशी आधी झालेली रूपांतरं, एवढं दान पडलं नाही तर बिबट्या. मग प्रत्येक टर्नच्या शेवटी सर्वांत जास्त जखमी असलेल्याच्या जवळ जावंच लागतं. तिथे पोचून काय करायचं ते मात्र त्याने ठरवायचं. माणूस झाल्यावर झोप होईपर्यंत त्याची एक गोष्ट हरवलेली असते: वाचणं, आगीची भीती किंवा एका मित्राचं नाव. कोणती, तेही तोच निवडतो.

नवी शक्ती दिली की तीन शनिवार थांबा आणि ती किती वेळा वापरली ते मोजा. एकदाही नाही, तर शक्ती बदलण्याआधी आपले नकाशे तपासा. खाजणीच्या बाबतीत चूक माझीच होती: तीन आठवडे मी पार्टीला दगडी किल्ल्यात फिरवत होते. चौथ्या शनिवारी ओहोटीची खाडी आणली, आणि मी वर्णन संपवायच्या आत खाजणी खेळणारी म्हणाली, "थांबा सगळे. मी बूट काढते."